आप्पासाहेबांची अर्धी करंगळी

आप्पासाहेबांच्या दहाव्याच्या दिवशी कावेरीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून तो, अर्ज तपासणाऱ्या कारकुनासारखा, मान तिरकी करून तासभर नुसता बघत राहिला.

"बनशंकरीचं घर विकणार नाही," रघुपतीने वडिलांना शब्द दिला. कावळा बसूनच.

"आत्याला अंतर देणार नाही." यावर सकवारआत्याने समाधानाने मान डोलावली. कावळ्याने नाही.

मग रघुपतीची बायको उल्का पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "मामंजी, हे पाण्याखाली जाऊन तुमचा पुतळा बघून येतील."

कावळा उतरला, शिवला, आणि जाताना एक घास जास्तीचा घेऊन गेला.

रघुपतीला कुणी विचारलं नव्हतं. वय बावन्न, पोहता येत नाही, डोक्यावरून पाणी घेताना एक हात बाथरूमच्या कडीवर. पण कावळ्याला दिलेला शब्द फिरवायची आमच्यात सोय नाही. वकीलही मिळत नाही.

पुतळ्याचं असं झालं होतं की बेंगळुराजवळ आनेकलच्या पुढे, पाणी भरलेल्या एका बंद दगडखाणीत, कुणा शिल्पकाराने पाण्याखालचं संग्रहालय मांडलं होतं. बसची वाट बघणारी चाळीस माणसांची रांग, सगळी सिमेंटची, खऱ्या माणसांच्या अंगावरून साचे घेऊन केलेली. आप्पासाहेब हौसेने दोन तास प्लास्टर लावून उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "माझी डाव्या हाताची अर्धी करंगळीसुद्धा जशीच्या तशी घेतली त्यानं. प्रामाणिक माणूस." उरलेली अर्धी यशवंतपूरच्या कारखान्यातल्या मशीनने कधीच घेतली होती. पुतळा पाण्यात गेला आणि महिन्याभरात आप्पासाहेबही गेले. बघायचं राहून गेलं.

खाणीवर महांतेश होता, निपाणीकडचा प्रशिक्षक. त्याने दोन आठवडे रघुपतीला पोहण्याच्या टाकीत बुडवून काढलं होतं.

"अण्णा, श्वास रोखायचा नाही. आणि माझा हात सोडायचा नाही. सरी?"

"सुटला तर?"

"जागेवर थांबायचं. मी येतो."

"किती वेळात?"

"स्वल्प."

रघुपतीचा जन्म बेंगळुरातला. रिक्षावाल्याचं, सुताराचं, गॅसवाल्याचं, सगळ्यांचं स्वल्प त्याने पाहिलं होतं.

खाली जाताना पाणी आधी हिरवं होतं, मग चहासारखं झालं. कान ठणकले. स्वतःचाच श्वास त्याला शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपल्यासारखा ऐकू येत होता. आणि मग रांग आली. चाळीस माणसं ओळीने, खांद्यांवर शेवाळ, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. प्लास्टर डोळ्यांत जाऊ नये म्हणून ते मिटवले होते, हे रघुपतीला माहीत होतं. माहीत असल्याचा उपयोग झाला नाही. कोण आधी उघडतो, एवढंच तो बघत राहिला.

तिसरा माणूस काखेत छत्री घेऊन उभा होता. आप्पासाहेबांचीच ढब.

वडील समोर आल्यावर रघुपतीने जन्मभर जे केलं तेच केलं. वाकला. नमस्कार एका हाताने करत नाहीत, म्हणून दुसराही पुढे नेला. म्हणजे महांतेशचा सोडला. डोकं खाली गेलं, पाय वर, आणि सावरायच्या धडपडीत पायातल्या रबरी वल्ह्यांनी तळाचा सगळा गाळ उठवला.

पुढचं काही दिसेना. स्वतःचा हातही नाही. ओरडायची सोय नव्हती, तोंडात नळी होती. छाती इतकी धडधडत होती की सिलिंडर वाजतंय असं त्याला वाटलं. चाचपडताना सिमेंटचा एक हात लागला. डावा. तो त्याने दोन्ही हातांनी गच्च धरला. लहानपणी यशवंतपूर स्टेशनवर आप्पासाहेब असाच हात धरायचे. आप्पा आहेत, महांतेश येईल, श्वास रोखायचा नाही.

धीर यावा म्हणून त्याने बोटं चाचपली. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. अनामिका. करंगळी.

पूर्ण करंगळी. नखासकट.

रघुपतीने पुन्हा मोजली. मग हा कोण? गाळात, तीस फूट पाण्याखाली, तो कुणा परक्या माणसाचा हात धरून उभा होता, आणि माणूस डोळे मिटून होता की नाही हेही आता दिसत नव्हतं. सोडवत नव्हतं, धरवत नव्हतं. त्याने धरून ठेवला. सोडला तर धरायला दुसरं काही नव्हतं.

स्वल्पानंतर मागून कुणीतरी त्याचा दंड पकडला. तो महांतेशच निघाला, हे रघुपतीला पाण्याबाहेर आल्यावर पटलं.

काठावर पत्र्याच्या शेडमध्ये उल्का टॉवेल घेऊन उभी होती. शेजारी आत्या.

"दिसले?" उल्काने विचारलं.

"कसा उभा आहे रे माझा भाऊ?" आत्या म्हणाली.

हो म्हणाला असता तर भागलं असतं. खात्री करायला सकवारआत्या काही बुडी मारणार नव्हती. रघुपतीने तोंड उघडलं, आणि त्याची नजर वर गेली. शेडच्या पत्र्यावर एक कावळा बसला होता. मान तिरकी. तोच असेल असं नाही. बेंगळुरात कावळ्यांना तोटा नाही.

रघुपतीने तोंड मिटलं आणि महांतेशकडे वळला.

"महांतेश, हवा किती उरलीय?"

"पुरेल की. का?"

"दुसऱ्याच माणसाच्या पाया पडलो."

महांतेशने हात पुढे केला. रघुपतीने तो धरला. दुसऱ्या हाताने नळी तोंडात घातली, आणि ती त्याच्या दातांवर कडकड वाजत राहिली, पाणी डोक्यावरून जाईपर्यंत.