कानाच्या वर, चौरंगाच्या खाली

माझा वाटा आधी सांगते. बेबाबाईंच्या कवटीला डाव्या कानाच्या वर तळहाताएवढे भगदाड होते, ते मी झाकले आहे. त्यांचा जीव मी वाचवला नाही. ते काम जळगावच्या डॉक्टरांनी मी येण्यापूर्वीच केले होते. मी केवळ झाकण आहे. परंतु कामचुकार झाकण नाही.

मी टायटॅनियमची पट्टी. लोखंडाची नाही, पत्र्याची तर मुळीच नाही. हा खुलासा प्रारंभीच करते, कारण बेबाबाईंच्या गावात, सावद्यात, माझ्याविषयी जे बोलले जाते, त्यातील निम्मे याच एका चुकीवर उभे आहे.

घडले ते असे. केळीच्या बागेतून परतताना मुलाच्या, म्हणजे नीलेशच्या, मोटारसायकलच्या मागच्या चाकात बेबाबाईंचा पदर अडकला आणि त्या डोक्यावर आपटल्या. मेंदूला सूज आली. सुजेला जागा मिळावी म्हणून डॉक्टरांनी फुटलेले हाड काढून घेतले. पुढे काही महिने त्या जागी केवळ कातडी होती. बेबाबाई खोकल्या की ती हाले. नीलेश तिकडे पाहत नसे.

त्याच खळग्यासाठी माझा जन्म झाला. त्यांच्या डोक्याची यंत्राने काढलेली चित्रे पाहून दूरच्या एका कारखान्यात मला वाकवले, घासले, भोके पाडली. त्यामुळे जगातील दुसऱ्या कोणत्याही डोक्याला मी बसणार नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बारीक स्क्रूंनी मला हाडाशी जोडले, वरून कातडी शिवली, आणि तेव्हापासून मी उजेड पाहिलेला नाही. जे कळते, ते हाडातून येणाऱ्या आवाजावरून.

घरी आल्यावर पाहुण्यांची रीघ लागली. शेजारच्या लताबाईंनी फ्रिजवरचे चुंबक आणून माझ्यावर टेकवून पाहिले. ते बेबाबाईंच्या मांडीत पडले. लताबाई हिरमुसल्या. कोणी सांगितले, उन्हाळ्यात धातू तापेल. कोणी म्हणाले, वीज ओढून घेईल. सावद्याच्या उन्हात बिनपट्टीची डोकीही तापतात, हे कोणाला सुचले नाही. हळूहळू बेबाबाईंचा हंडा गेला, बाग गेली, ढग दाटले की अंगणही गेले. माणसे काळजी करू लागली की प्रथम मनाई करतात. त्यांना तेच सोपे पडते. बेबाबाईंनी हे सारे सोसले.

मग श्रावण आला, आणि कानबाई आली.

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून तिला चौरंगावर सजवतात आणि सोमवारी सकाळी तो चौरंग डोक्यावर घेऊन नदीला नेतात. या घरचा चौरंग नेण्याचा मान थोरल्या सुनेचा. लग्न होऊन आल्यानंतर सासूबाईंनी तो बेबाबाईंच्या डोक्यावर ठेवला, आणि त्यानंतर तो दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर गेला नव्हता.

रविवारी धुळ्याहून मोठी नणंद कमलबाई आल्या. धुळ्यात आयुष्य गेलेल्या कमलबाई अहिराणीतच बोलतात आणि आडपडदा ठेवत नाहीत.

"बेबा, तुना डोकामा पत्रा शे. चौरंग आते भूमिकाले दे. कानबाई पडनी ते बठ्ठं गाव काय म्हनी?"

भूमिका म्हणजे नीलेशची पत्नी. ती देवीच्या नैवेद्याचे रोट भाजत राहिली. नीलेशने आत्याचीच बाजू घेतली. आईला चक्कर येते, हे त्याने सर्वांसमोर सांगितले. बेबाबाईंचे यजमान बन्सीलाल देवीच्या पूजेची भांडी मांडत राहिले.

बेबाबाईंचा जबडा आवळला गेला. तो ताण माझ्यापर्यंत पोहोचला.

"अक्का, चक्कर येते. मी नाही म्हनत नाही. पन ती येयाच्या आधी मले कयते. अन् पडली ते मी गाडीवर बसून पडली. माह्या पायावर उभी राहून कधी पडली नाही."

नीलेशने जळगावला डॉक्टरांना फोन लावला. चौरंगाचे वजन किती, ओझे कोठे टेकते, हे त्यांनी विचारून घेतले. एवढ्याने पट्टीला काही होणार नाही, असे ते म्हणाले; जपायचे ते मानेला आणि चक्करला, आणि सोबत कोणीतरी हवेच. माझ्याविषयी योग्य बोलणारा माणूस मला त्या दिवशी प्रथमच भेटला. चुंबळ टाळूवर बसते; मी खाली, कानाच्या वर. ज्या ओझ्यासाठी घर माझ्यावर रुसले होते, ते माझ्यावर येणारच नव्हते.

कमलबाईंचे समाधान झाले नाही. त्यांनी रिकामा चौरंग मागवला, त्यावर कणकेचा डबा ठेवला आणि बेबाबाईंना तुळशीला फेरी घालायला लावली. अर्धी फेरी नीट झाली. ओट्याच्या पायरीशी बेबाबाई थांबल्या.

"भूमिका, घे."

भूमिकाने चौरंग उतरवला. बेबाबाई पायरीवर बसल्या. नीलेश हलकेच म्हणाला, "बघ आई." घरातील प्रत्येकाने मनोमन निकाल लावून टाकला. बेबाबाई पाणी प्यायल्या, डोळे मिटून बसल्या, मग उठल्या.

"दे."

उरलेली फेरी त्यांनी पूर्ण केली. चौरंग जराही कलला नाही.

कमलबाईंनी कणकेचा डबा स्वतः उतरवून घेतला. नंतर त्या म्हणाल्या, "कोठे थांबानं हाई तिले समजस. आते मना काही बोलनं नहीं."

मग ठरले ते असे. चौरंग उंबऱ्यापासून नदीपर्यंत बेबाबाईच नेतील. वाटेतल्या चौकांत त्या फुगडी खेळणार नाहीत. ऊन चढण्यापूर्वी निघायचे. भूमिका त्यांच्या डाव्या हाताला चालेल आणि "घे" म्हणताच चौरंग घेईल. तेव्हा कोणी "बघ" म्हणणार नाही. भूमिकाने होकार दिला. नीलेशने दिला, जरा उशिरा. बन्सीलाल आत गेले आणि देवीसाठी नवे वस्त्र घेऊन आले. तोच त्यांचा होकार. कमलबाईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडून स्वतः चुंबळ वळली.

वाचकहो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी पट्टी कोणाच्या तरी हाडाशी बसलेली असेल. तिच्या नावाखाली त्या माणसाचे अंगण काढून घेऊ नका. आधी त्यालाच विचारा.

चौरंगासाठी माझी संमती कोणी विचारली नाही. ती मी येथे देत आहे.