उजव्या हाताचा गोठ

धाडच्या बाजाराच्या दिवशी कोकिळा एस.टी.तून उतरली तेव्हा तिच्या पिशवीत आईच्या हातातले चांदीचे दोन्ही गोठ होते, आणि त्यातला एकही द्यायचा नाही असं तिनं वाटेत दोनदा ठरवलं होतं.

तिची आई, मनकर्णाबाई, जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेवटच्या दिवशी तिच्या हातातून गोठ काढले ते कोकिळाच्याच ओंजळीत आले. यंदा चैत्रात बापानं, महादेवरावांनी, पाट लावून पंचफुलाला घरात आणलं. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. वांग्या-मिरच्यांचा मळा एकट्या माणसाच्यानं होत नाही, आणि पंचफुलाही पाच वर्षं विधवा होती. कोकिळानंही तोंडातून शब्द काढला नाही. फक्त तेव्हापासून तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता.

आज आली ती निरोपामुळे. दुसरी म्हणून आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे चांदीच्या लहानशा पत्र्यावर तिची मूर्ती उमटवून दोऱ्यात ओवायची, ही चालच होती. नवं लुगडं आधी तिला लावायचं, घास आधी तिला दाखवायचा. पंचफुलानं कळवलं होतं, टाक बाजारच्या चांदीचा नको, मोठ्या बाईच्या अंगावरच्या चांदीचा पाहिजे. कोकिळानं थोडी दिली तर बरं.

"मायले वितळवून आता ही गळ्यात घालीन," निरोप ऐकून कोकिळा नवऱ्याला म्हणाली होती.

पुंजाजी सोनाराच्या ओट्यावर पंचफुला आधीच येऊन बसली होती. चाळिशीची, रुंद हाडाची बाई. कोकिळाला पाहताच तिनं सरकून जागा केली.

"गाडीत बसाले भेटलं का व बाई?"

"भेटलं."

पुंजाजीनं चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "सरकारनं सोन्याचा कायदा आणल्यापासून धंदा बसला, माह्या ओट्यावर कोणी भांडालेसुद्धा येत नाही. तुमी दोघी आल्या, बरं वाटलं. भांडायचं असन तं सावकाश भांडा."

पंचफुला हसली. कोकिळानं पिशवीतलं फडकं सोडलं. डाव्या हातातला गोठ जाडजूड, जवळजवळ नव्यासारखा होता. उजव्या हातातला मात्र एका अंगानं झिजून दोरीसारखा झाला होता. तीस वर्षं राखेनं आणि वाळूनं भांडी घासली होती तो हात. फडकं उलगडलं तरी कोकिळाचा तळवा त्या झिजलेल्या गोठावरून हलला नाही.

तेवढ्यात पंचफुलानं पदराची गाठ सोडली आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा तांबडा खडा पुढं ठेवला. आत पांढऱ्या रेघा होत्या, केसासारख्या.

कोकिळानं ओळखला. वांग्यांना पाणी सोडताना आईला तो सापडला होता, तेव्हा सुपारीएवढा होता. उन्हात धरून ती सगळ्यांना दाखवायची. अंगठीत बसवू म्हणाली तर बाप हसला होता, "वावरातला दगड कोणी बोटात घालते का?" मग तो मिठाच्या मडक्यामागं कोनाड्यात पडून राहिला.

"एवढासा कसा झाला?"

"म्या घासला," पंचफुला म्हणाली. "धार लावणाऱ्याकडून कुरुंदाचा तुकडा घेतला. दोन महिने झाले, घासूनच राह्यली. एका अंगानं तिरपा झाला पाहा. मी काही कारागीर नाही."

"काऊन पण?"

"मोठ्या बाईनं जपून ठेवला होता. म्हन्जे तिच्या मनात त्याचं काहीतरी असन. काय ते मले कोण सांगणार? म्हटलं टाकात बसन एवढा तरी करावा." तिनं हात पदराखाली घेतला, पण दोन बोटांची सोललेली कातडी कोकिळाला दिसायची ती दिसलीच.

पुंजाजी खडा उजेडात फिरवत होता. "अकीक हाये. तुही माय घेऊन आली होती माह्याकडे. म्या हात जोडले, हे माह्याच्यानं होत नाही म्हटलं. अन् इनं केलं!"

"काका," पंचफुला म्हणाली, "त्या जाड गोठाचा तुकडा काढा. झिजला तो तिले राहू द्या. त्याच्यात तिची माय हाये."

अगदीच नाइलाज झाला तर कोकिळाही हेच म्हणणार होती. पण तेच शब्द पंचफुलाच्या तोंडून आले. मग तळवा उचलून तिनं झिजलेला गोठच पुंजाजीपुढं सरकवला.

"हा घ्या. पुरा."

"उजवा?" पुंजाजीनं विचारलं.

"घरातली सारी कामं याच हातानं केली तिनं. घरातच राहू द्या."

मुशीत गोठ आधी लाल झाला, मग वाकला, मग त्याचं पाणी झालं. पत्रा ठोकून पुंजाजीनं तो ठशावर बसवला. बाईची मूर्ती उमटली, नाकात भली मोठी नथ घेऊन.

"माय नथ घालत नव्हती," कोकिळा म्हणाली.

"ठशातच हाये, पोरी."

"मग कानशीनं काढा."

नथ गेली. मूर्तीच्या डोक्यावर कोंदण करून खडा बसवला. तिरपी बाजू चांदीखाली लपली. तोवर कोकिळानं पंचफुलाला अंगठीची आणि बापाच्या हसण्याची गोष्ट सांगितली. लाल दोऱ्यात ओवलेला टाक पंचफुलानं गळ्यात घातला आणि मान जराशी खाली गेली.

"वजनदार हाये व बाई!"

"तशीच होती ती," कोकिळा म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं.

रिकाम्या टोपल्या घेऊन महादेवराव ओट्याशी आले. खडा पाहून जागीच थांबले.

"वावरातला दगड हाये," पंचफुला म्हणाली. "आता रोज समोर दिसन तुमाले. हसा."

ते हसले नाहीत. टोपल्या खाली ठेवून त्यांनी चहा सांगितला. चहा आला तशी पंचफुलानं कपात बोट बुडवून एक थेंब टाकाला लावला.

कोकिळा पाहत होती. "मावशी," ती म्हणाली, "तिले साखरेचा नाही चालत. गुळाचा लागते."

पंचफुलानं कप खाली ठेवला आणि हॉटेलवाल्याला हाक मारली. "अरे बाप्पू, एक कप गुळाचा आण! घरात मोठी बाई हाये!"