बटणांची रमी

दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की आमचे शिंपीदादा शिवणयंत्रावर फळी टाकून आम्हा तिघा शेजाऱ्यांबरोबर रमीचा डाव मांडायचे. पैशांऐवजी बटणं लावायची. यात पाप नाही, हे त्यांनी पाळकांशी वाद घालून कबूल करून घेतलं होतं, आणि तो जिंकलेला वाद ते दर डावाला एकदा तरी ऐकवत.

मग त्यांचा मेहुणा राहायला आला. जुगारात त्याचं दुकान गेलं होतं. बाप्तिस्मा घेतल्यापासून त्याने पत्त्यांना हात लावला नव्हता. तो बाजूला बसून वर्तमानपत्र वाचायचा, म्हणजे एकच पान धरून आमचे पत्ते बघायचा. एका रविवारी तो हळूच म्हणाला, "दाजी, मलाही वाटा की. बटणंच तर आहेत."

त्याची बहीण, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. दादांनी पिसलेले पत्ते खाली ठेवले, कात्री घेतली आणि राजा-राणीसकट सगळे मधोमध कापले.

"अहो, पाळकांनी मोकळीक दिली होती ना?" मी डिवचलं.

"दिली होती, म्हणून तर कापता आले. बंदी असती तर हट्टाने खेळत बसलो असतो."

मेहुणा ओशाळला. "माझ्यामुळे तुमचा रविवार गेला."

"गेला कुठे? एवढे दोरे गुंतून पडलेत. धर हा गुलाम, गुंडाळ त्यावर."

मेहुणा हसला आणि गुंडाळू लागला. वहिनी निर्धास्त होऊन आत वळल्या. दादांनी आम्हा तिघांच्याही हातात एकेक अर्धा पत्ता दिला, बिनपगारी.