पुढे माणसे काम करीत आहेत

निरवांगीच्या अलीकडच्या वळणावर म्हाळसा लाल झेंडा धरून उभी असायची तोवर तिच्या मागं रस्त्याचं काम करणाऱ्या एकाही माणसाला गाडीचा ओरखडा आला नाही. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. जे घडलंच नाही त्याची दखल सरकार घेत नसतं.

झेंडा म्हणजे तरी काय, जुन्या परकराचा तुकडा आणि वेळूची काठी. वळणाच्या दोन्ही अंगांना ऊस, डोक्याच्या वर गेलेला. पलीकडं काय चाललंय ते ड्रायव्हरला वळण घेतल्याशिवाय दिसत नाही, आणि घेतल्यावर दिसून उपयोग नसतो. म्हणून वळणाच्या आधी म्हाळसानं काठी आडवी धरून उभं राहायचं. तिचा सासरा मेंढरं राखायचा. लग्नानंतर तीही कळपामागं हिंडली होती, आणि कळप रस्ता ओलांडेपर्यंत ट्रकापुढं उभं राहायची सवय तिला तेव्हापासूनची. ती झेंडा हलवायची नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायची. नजरेला नजर मिळाली की गाडीचा आवाज आपोआप उतरायचा. नाही मिळाली तर ती तोंड सोडायची, आणि ते तोंड मेंढरांमागं तयार झालेलं होतं.

"नवऱ्याला बी अशाच शिव्या घालतीस काय गं?" एखादा विचारायचा.

"त्याला कुठं लागत्यात? त्यो अंगाला तेल लावल्यागत ऐकून घेतो."

मागं डांबराची झारी घेऊन वाकलेला सिद्धू, तिचा नवरा, वर न बघता हसायचा.

मग डबी आली.

डबी दोन जातींची. एक सांगणारी, एक ऐकणारी. सांगणारी बसवायची रस्त्याच्या कामावरच्या रोलरवर, टँकरवर आणि शाळेच्या बसवर. ऐकणारी बसवायची उसाच्या ट्रॅक्टरात, ट्रकात, बसमध्ये, म्हणजे जे जे माणूस चिरडू शकतं त्यात. शाळेच्या बसला दोन्ही. दोघी जवळ आल्या की ऐकणारीतून एक बाई शहरातल्या गोड आवाजात बोलते, "सावधान. पुढे माणसे काम करीत आहेत. वेग कमी करा." पुढची सांगणारी शाळेच्या बसवरची असली तर म्हणते, "पुढे शाळेची मुले आहेत." कल्पना वाईट नव्हती. आपल्याकडं कल्पना वाईट नसतेच कधी.

बसवायच्या दिवशी रोलरला हार घातला, नारळ फोडला. ठेकेदाराचा मुलगा राजवर्धन फोटो काढत होता. म्हाळसा कडेला उभी होती.

"मावशी, तो झेंडा तेवढा मागं घ्या. फोटोत येतोय."

तिनं मागं घेतला. फोटो झाल्यावर तो म्हणाला, "आता तुमचं काम डबी करणार. उद्यापासून खडीवर या."

खरं सांगायचं तर म्हाळसाला बरंच वाटलं. दिवसभर उन्हात एकटं उभं राहायचं, धूळ खायची, उसवाल्यांची थट्टा ऐकायची, यापेक्षा चार बायकांत घमेली वाहिलेली परवडली. त्या दिवशी घरी आल्यावर ती सिद्धूला म्हणालीसुद्धा, "माजं तोंड सरकारनं रोलरवर बशिवलं."

सुरुवातीला डबीला बटण होतं. काम संपलं की मुकादम सर्जेराव ते बंद करायचा, सकाळी चालू करायचा. एका सकाळी तो विसरला आणि नेमका त्याच सकाळी साहेब तपासणीला आला. साहेब खवळला. बटण ठेवलं तर माणूस बंद करणारच, तेव्हा बटणच नको, असा हुकूम सुटला. बारामती-इंदापूरच्या सगळ्या डब्यांची बटणं निघाली. वर पाटीएवढी सोलरची काच बसली, डबी बोलायची कधी थांबू नये म्हणून. माणसावर विश्वास नाही ना, मग त्याचा हातच काढून घ्या. झालं शहाणपण.

आता पुढं काय होणार हे शेंबड्या पोराला कळलं असतं. दिवाळीनंतर रोलरचा गिअर गेला. डांबर येईना, काम थांबलं. ठेकेदारानं रोलर वळणावर तसाच ठेवला, कारण रोलर उभा असला की काम चालू आहे असं दिसतं. महिने गेले. रोलरच्या चाकात कुत्री व्याली. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला डबी सांगत राहिली, पुढे माणसे काम करीत आहेत. तिकडं जंक्शन गावात शाळेची बस दुपारभर ड्रायव्हर मानसिंगच्या दारात उभी असायची. टपावर त्याची बायको पापड वाळत घालायची, आणि डबी सांगायची, पुढे मुले आहेत. गॅरेजमध्ये इंजिन उतरवून ठेवलेल्या शाळेच्या बसगाड्या सांगायच्या, मुले आहेत. सगळा रस्ता नसलेल्या माणसांनी भरून गेला.

साखर कारखान्याचा हंगाम भरात असताना मध्येच थोडं डांबर आलं आणि दोन-चार दिवस काम निघालं. खडीचं घमेलं डोक्यावर घेतलेल्या म्हाळसानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं, की वळणावर एकही गाडी हळू होत नाही. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून तसेच अंगालगत निघून जातात.

माऊली नावाचा पोरगेला ट्रॅक्टरवाला नेहमीचा होता. टायर बघायला तो पुढं जाऊन थांबला, तेव्हा म्हाळसानं त्याला गाठलं.

"का रं, कान फुटलं का तुजं? ती बाई बोलती न्हवं आत?"

"बोलती की वैनी. पर ती रोजच बोलती, आन तुमी रोज नसता."

"मग आज हाय न्हवं आमी?"

"त्ये मला कसं कळावं? काल बी तिनं ह्येच सांगितलं. मी दाबला ब्रेक, मागनं ट्रॉली सरकली, बगतोय तर कुत्र्याची पिल्लं. एक डाव दाबला, दोन डाव दाबला. आता गाण्याचा आवाज वाढवतो." तो ओशाळून हसला. "तुमी हुबं ऱ्हायचा त्येच बरं हुतं. शिव्या खाल्ल्या की माणूस हाय म्हणून कळायचं."

पोरगा खोटं बोलत नव्हता. म्हाळसा सर्जेरावाकडं गेली.

"तात्या, मला झेंडा घिऊन हुबी करा."

"आन खडी कोन वाहील, माझी म्हातारी?"

"सकाळधरनं दोन ट्रॅक्टर ह्यांच्या ढुंगणाला घासून गेलं. एखांद्या दिवशी जाईल की वो मानूस."

सर्जेरावानं मान खाजवली. तो वाईट माणूस नव्हता, फक्त पगारी होता. त्यानं राजवर्धनला फोन लावला आणि बोलायला तिच्याच हातात दिला.

"मावशी, जरा समजून घ्या," फोनमधून राजवर्धन म्हणाला. "डबी असताना झेंडा दिसला तर साहेब विचारतील, डबी चालत नाही काय? मग आमचं बिल अडकणार. झेंडा दिसता कामा नये."

"डबी चालती वो दादा. तिचंच कुनी ऐकत न्हाय."

"ऐकत नसतील तर ती ड्रायव्हरची चूक. आपली नाही."

तरी दुसऱ्या दिवशी तिनं घमेलं टाकलं आणि काठी घेऊन वळणावर जाऊन उभी राहिली. सर्जेरावानं येऊन काठी हिसकावली, गुडघ्यावर मोडली. "परत दिसलीस तर उद्यापासनं तू बी येऊ नगंस, सिद्धू बी. मला वरनं शिव्या बसत्यात."

घरी सिद्धूनं तिचीच समजूत काढली. "जाऊ दे गं. मी हाय न्हवं ध्यान ठिऊन."

"पाठीला डोळं हायत का तुमच्या?"

"न्हायत. पर कान हायत. ट्रॅक्टर काय मांजर हाय, न वाजता याला?"

तो वाकून काम करायचा हे तिला माहीत होतं. डांबराची झारी धरणाऱ्याला वाकावंच लागतं, आणि गरम डांबर ओतत असताना मागं वळून बघायची सोय नसते. पायावर सांडलं तर कातड्यासकट निघतं.

ते झालं तेव्हा दिवस चांगला वर आला होता. डांबराची गाडी बऱ्याच दिवसांनी आली होती, सर्जेराव घाई करत होता. सिद्धू खड्ड्यावर झारी धरून वाकलेला. म्हाळसा घमेलं घेऊन त्याच्याकडं येत होती, तेवढ्यात वळणावर ट्रॅक्टरचं तोंड दिसलं. तिनं सवयीनं ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघितलं. माऊलीच होता. तो स्पीकरच्या वायरशी काहीतरी करत होता.

तिनं बोंब मारली. गाण्यात ती विरून गेली. माऊलीनं मान वर केली, ब्रेकवर उभा राहिला, ट्रॅक्टर सिद्धूला चुकवून गेलासुद्धा. पण मागच्या ट्रॉलीत उसाचा डोंगर होता. ती आडवी सरकली आणि सिद्धूला कंबरेपासून दाबून कडेच्या खडीत घेऊन गेली.

माऊली पळाला नाही. अशा वेळी ड्रायव्हर उसात पळून जातात, पण तो खाली उतरला आणि रस्त्यावरच बसला. "ती रोजच सांगती गं वैनी," एवढंच परत परत म्हणत राहिला. त्याच्या ट्रॅक्टरातली बाई अजून बोलतच होती.

माणसांनी ट्रॉली रेटून सिद्धूला काढला. तो शुद्धीवर होता. "पाय हायत का बग," म्हणाला. पाय होते, पण ते बघण्यासारखे राहिले नव्हते. सर्जेरावानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती इंदापुरात अडकलेली. तेवढ्यात पोरं सोडून रिकामी आलेली मानसिंगची बस अडलेल्या ट्रॅक्टरमागं येऊन थांबली.

"घाला आत," मानसिंग म्हणाला. "बारामती गाठू."

बसच्या मधल्या वाटेत पोती अंथरून सिद्धूला निजवला. म्हाळसा त्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली. कंबरेला तिच्या लुगड्याचा तुकडा फाडून आवळून बांधला होता, तो भिजत चालला होता. बाकी माणसं मागून मोटारसायकलीवर निघाली.

बस वळून निघाली, तेव्हा मानसिंगच्या डोक्यावरची डबी बोलली. म्हाळसानं तो आवाज गाडीत बसून कधी ऐकलाच नव्हता. ती आजवर रस्त्यावर होती, आवाज गाड्यांच्या आत. किती मायेनं बोलत होती ती बाई.

कळंबच्या पुढं ती परत बोलली. "पुढे शाळेची मुले आहेत." मानसिंग आतून हललेला होता. नुकतंच त्यानं रक्त बघितलं होतं. त्यानं करकचून ब्रेक दाबला. सिद्धूचं अंग पुढं घसरलं आणि तो ओरडला. खिडकीतून दिसलं ते गॅरेज. चाकं काढलेली बस विटांवर ठेवलेली.

"च्यायला," मानसिंग म्हणाला आणि निघाला.

जंक्शनजवळ परत बाई बोलली, परत ब्रेक. कडेला पाण्याचा टँकर उभा, जवळ चिटपाखरू नाही. या खेपेला सिद्धू ओरडला नाही. नुसता कण्हला. म्हाळसानं त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

"गार लागतंय," तो म्हणाला.

"आलं, आलं बारामती. बोलत ऱ्हावा माज्यासंगं. अवं, ऐकताय न्हवं?"

सणसरला बाई परत बोलली. मानसिंगचा पाय ब्रेककडं जाताना तिला दिसला.

"नगा दाबू!" ती खालून ओरडली. "कुनी न्हाय तितं! खोटं बोलती ती रांड!"

मानसिंगनं दाबला नाही. खरंच कुणी नव्हतं. एका दारात बस उभी होती, बसमागं म्हैस. म्हाळसाला हायसं वाटलं. गाडी आता सलग पळत होती, सिद्धूला हिसका बसत नव्हता. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली आणि मानसिंगला म्हणत राहिली, "चालवा मानसिंगराव. थांबू नगा. आता कुटंच थांबू नगा."

पिंपळी जवळ आली, म्हणजे बारामती आलीच. डबी बोलली, "सावधान. पुढे माणसे काम करीत आहेत."

"वैनी?" मानसिंगनं विचारलं.

"चालवा!"

त्यानं चालवली. मग एकदम तो हॉर्नवर पडला, स्टेअरिंग फिरलं, बस एका बाजूला कलली. बाहेर बायकांची किंकाळी उठली. खिडकीतून म्हाळसाला खडीचा ढीग दिसला, डोक्याला टॉवेल बांधलेल्या बायका खड्ड्यात उड्या टाकताना दिसल्या, आणि एक पाठ दिसली. वाकलेल्या माणसाची पाठ. बसखाली धाडकन काहीतरी आपटलं आणि खरडत गेलं.

मानसिंगचा वेग कमी झाला, पण बस थांबली नाही. आरशात बघायची त्याची छाती होत नव्हती.

"घमेलं आसंल," तो म्हणाला. मग म्हणाला, "वैनी, मागच्या काचंतनं बगा की. घमेलंच हुतं न्हवं? बगा की वो."

म्हाळसा उठली नाही. तिला उठताच येत नव्हतं. सिद्धूचं डोकं मांडीवर जड झालं होतं. ते पिंपळीच्या आधीच जड झालं होतं, की पार सणसरलाच, हे तिला कळलं नव्हतं.

"वैनी, सांगा की. थांबू का?"

मागं माणसं ओरडत होती. ती ओरड तिच्या ओळखीची होती, सकाळी तिच्याच नरड्यातून निघालेली. तिनं सिद्धूचे डोळे मिटले आणि पदर त्याच्या तोंडावर ओढला.

"आता थांबून काय करताय," ती म्हणाली.