सगुणाची हाक ऐकलेला कर्णा

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना वाटतं, हे रॉकेल ओतायचं नरसाळं असावं. त्यांची चूक नाही, माझा पत्रा रॉकेलच्या डब्याचाच आहे. पण मी एक जुना कर्णा आहे. माझ्या लहान तोंडाशी कुणी बोललं की मोठ्या तोंडातून ते लांबवर जातं. माझं स्वतःचं बोलणं कुणी कधी ऐकलं नाही. आज तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो.

पुण्यातल्या सयाजी नावाच्या कारागिरानं मला घडवलं. पत्रा कापला, गोल वळवला, सांधा झाळला आणि काठ आतल्या बाजूला दुमडला. "पोरं हात लावल्याशिवाय राहायची न्हाईत," असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग काठावर त्यानं एक लाल पट्टा ओढला.

मला एका सिनेमा कंपनीनं घेतलं. चाकणच्या भुईकोट किल्ल्यापाशी त्यांचं चित्रीकरण होतं. दिग्दर्शक माझ्यातून हुकूम सोडायचा. तिथं मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! पाऊस पडायचा तो बागेच्या झारीतून. शत्रूचं सैन्य धावत यायचं, बुरुजामागून वळसा घालायचं आणि तीच माणसं पुन्हा धावत यायची. राजवाडा कापडावर रंगवलेला होता. वारा सुटला की त्याच्या भिंती पोट फुगवायच्या.

गर्दीसाठी आसपासच्या वाड्यांतली माणसं बोलावली होती. त्यांत कुशाबाई होती आणि तिची लहानगी सगुणा. सगुणाच्या काखेत चिंध्यांची बाहुली होती. ती पाहून दिग्दर्शकाला सुचलं, की गाव पळतो आहे, पोरीची बाहुली पडते आणि ती रडत मागं वळते. पण सगुणाला रडूच येईना. झारीतला पाऊस पाहून ती खुदूखुदू हसायची. शेवटी एका माणसानं बाहुली हिसकावली आणि चुलीत टाकतो म्हणाला. सगुणा हंबरडा फोडून रडली. तेवढ्यात कॅमेरा फिरला. सगळे म्हणाले, झकास.

बाहुली परत दिली तरी हुंदके थांबेनात. म्हणून दिग्दर्शकानं तिची समजूत काढायला मला तिच्या हाती दिलं. मी तिच्या हातांत मावत नव्हतो. तिनं मला पोटाशी धरलं आणि ओरडली,

"आये, मी हितं हाय!"

तिचा आवाज बुरुजाला लागून परत आला. कुशाबाई पदरात तोंड लपवून हसत होती. पोरगी आपल्याच आवाजाला घाबरली आणि मग तीही हसली.

काम संपल्यावर कंपनीनं जुनं सामान विकलं. मी हिंदुरावांच्या तंबूतल्या सिनेमात आलो. ज्योतीराम नावाचा माणूस मला तोंडाला लावून बैलगाडीतून गावोगाव फिरायचा. गाडीला दोन्ही बाजूंनी रंगीत फलक. "आज शेवटचा खेळ!" असं तो रोजच ओरडायचा. तो वाईट माणूस नव्हता हं. मालक जे सांगायचे ते तो ओरडायचा, आणि मी ते दूर न्यायचो.

मधल्या पावसाळ्यात सगुणा तापानं गेली, हे मला पुढं कळलं. पिंपरीकडे औषधाचा कारखाना उभा राहतो आहे असं माणसं बोलायची, पण तिच्या वाडीपर्यंत औषध घेऊन वेळेवर कुणी पोचलं नाही. तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला पुण्याला कोण जाणार?

मग एकदा आमचा तंबू चाकणला पडला. सिनेमाची पेटी दुपारच्या एस.टी.नं आली. सिनेमा तोच, किल्ल्यापाशी काढलेला. हिंदुरावांनी ज्योतीरामला सांगितलं, गावातली पोरं पडद्यावर दिसतात असं ओरड. खरंच दिसतात का, असं त्यानं विचारलं, तर ते म्हणाले, "मी कुठं बघितलाय? गर्दीत दिसत्याल की. तू ओरड."

बाजारातून गाडी फिरली. "चाकणची लेकरं पडद्यावर बघा हो!"

कुशाबाईनं ते ऐकलं आणि संध्याकाळी ती तंबूत आली.

आमच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. पुढून पुरुष बघायचे, मागच्या बाजूनं बायका. चित्र कापडातून आरपार दिसायचं, फक्त उलटं. कुशाबाईनं डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. किल्ला आला, सैन्य आलं, गाव पळाला. सगुणा आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती ज्योतीरामकडे आली आणि म्हणाली, "दादा, आमा बायकांस्नी पडद्याची पाठ दिसती. पोरीचं त्वांड तुमच्या बाजूला असंल. मला पुढं बसू द्या."

पुरुषांत बाई बसलेली पाहून एक जण खाकरला. "मावशे, राजाला जवळनं बघायचंय व्हय?" माणसं हसली. ज्योतीरामनं त्यांना गप्प केलं आणि तिला माझ्या शेजारी बसवलं. पुढूनही किल्ला आला, सैन्य आलं, गाव पळाला. तेवढंच.

सकाळी ती पुन्हा आली. मशीन चालवणाऱ्या कोंडाजीनं फीत उजेडात धरून तिला एक सांधा दाखवला.

"हितं कात्री लागलीया बाई. काढत्यात लई, दावत्यात थोडं. लांबतंय वाटलं की कापून टाकत्यात."

"कापल्यालं कुठं ठेवत्यात?"

"ठेवत न्हाईत."

कुशाबाईनं तो सांधा डोळ्यांशी धरून बघितला. मग ज्योतीरामकडे वळून तिनं हळूच विचारलं, "लेकरं दिसत्यात म्हनलासा. तुमी बघितलं हुतं का दादा?"

ज्योतीरामनं मान खाली घातली.

तेव्हा तिची नजर माझ्यावर गेली. लाल पट्टा तिनं ओळखला. तिनं काठावरून बोट फिरवलं आणि मला कानाला लावलं.

ज्योतीराम एवढंच म्हणाला, "न्या बाई." मालकांशी त्याचं पुढं काय झालं, ते मला कळलं नाही.

आता मी कुशाबाईच्या घरात खुंटीवर असतो. वाडीतली पोरं माझ्यातून ओरडायला येतात. ती कुणाला नाही म्हणत नाही, फक्त विचारते, "जे वरडनार, ते तू सोता बघितलंस का?"

मित्रांनो, सिनेमा जरूर बघा, हसा, रडा. पण पडद्यावरचं लेकरू रडताना दिसलं तर त्याला कुणी आणि कसं रडवलं असेल, याचा थोडा विचार करा. कात्रीखाली काय गेलं असेल तेही मनात आणा. आणि कर्णा गावात शिरला, की ओरडणाऱ्याला कुशाबाईचा प्रश्न विचारा. आमच्यासारख्या कर्ण्यांवर तेवढी दया करा.

दिवेलागणीला ती मला पदरानं पुसते आणि एकदा कानाला लावते. फितीत सगुणा राहू शकली असती. माझ्या पत्र्यात आवाज राहत नाही, हे तिला कसं सांगू?