व्हर्डेलची मूठ

गेल्या वर्षी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत माउंट टेबर चर्चचं क्वायर, म्हणजे गायकवृंद, नऊ सेकंदांनी बाद झालं. गाणं अडीच मिनिटांत संपवायचं, हा टीव्हीवाल्यांचा नियम, आणि यांचं नऊ सेकंद लांबलं. बर्मिंगहॅमला परतल्यावर व्हर्डेल पेटवेला ते नऊ सेकंद किराणा दुकानात ऐकावे लागले, केस करायला गेली तिथे ऐकावे लागले, एका अंत्यविधीतही ऐकावे लागले. क्वायर एकोणीस वर्षं तिच्या हातात होतं.

यंदा अंतिम फेरीसाठी अटलांटाला निघण्याच्या सात आठवडे आधी, एका रविवारी पाद्री रेव्हरंड मेब्रींनी तिला चर्चच्या कचेरीत बोलावलं.

"सिस्टर पेटवे, या वेळी घड्याळ चुकलं तर इस्टरपासून क्वायर दुसऱ्या कुणाकडे जाईल."

"दुसऱ्या कुणाकडे म्हणजे तुमच्या सूनबाईंकडेच ना?"

"ती वेळ पाळते," रेव्हरंड म्हणाले.

व्हर्डेलने घरी जाऊन गाण्याला कात्री लावली. दुसऱ्या कडव्यातल्या दोन ओळी काढल्या. सहा आठवडे तालीम झाली. गाणं दोन मिनिटं चोवीस सेकंदांवर येऊन बसलं. तिच्या खुणा सगळ्यांना पाठ होत्या. बोट हवेत गोल फिरलं की तीच ओळ पुन्हा, मूठ मिटली की संपलं. चाळीस माणसं फक्त तिच्या हाताकडे बघत. चर्चचे म्हातारे सेवक डीकन क्लिओटिस हारग्रोव्ह तेवढे बघत नसत. ते ऑर्गनपाशी बसत आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

"डीकन, आज तरी माझ्या हाताकडे बघा," स्टेजमागे तिने विनवलं.

"तुझ्या हातातून सूर निघायला लागला की बघेन, पोरी."

मागच्या पुरुषांच्या रांगेत खसखस पिकली. व्हर्डेल हसली नाही.

"बरं. आज बघतो," डीकन म्हणाले.

मुख्य गाणाऱ्या ओझेला क्रूम खुर्चीत बसल्या होत्या; वयाच्या मानाने अख्खं चर्च त्यांना मदर म्हणे. बहात्तर वर्षांच्या, पाय सुजलेले, गालात पेपरमिंटची गोळी.

"मदर, दुसऱ्या कडव्यातल्या दोन ओळी गाळल्यात. लक्षात आहे ना?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून गातेय मी हे गाणं."

"म्हणूनच विचारतेय."

ओझेलाबाईंनी गोळी रुमालात काढून ठेवली आणि त्या उठल्या.

समोरच्या भिंतीवर घड्याळाचे लाल आकडे पळू लागले. पहिलं कडवं नेटकं झालं. "दार उघडं ठेव, मी वाटेत आहे," ही ओळ क्वायरने अशी उचलली की समोरचे लोक उठून उभे राहिले. एक मिनिट वीस सेकंदांवर दुसरं कडवं आलं, आणि ओझेलाबाईंनी गाळलेली ओळ धरली. पन्नास वर्षांची सवय. खालून क्वायर पुढचे शब्द घेऊन आलं. दोन्ही एकमेकांवर आदळलं. ओझेलाबाई थांबल्या, शब्द शोधू लागल्या. सापडेनात. मान खाली गेली.

चर्चमध्ये असं झालं तर कुणी घाई करत नाही. क्वायर एकच ओळ खाली घोळवत राहतं, ऑर्गन पायाखालची जमीन धरून ठेवतो, बाकांवरून "सावकाश, मदर, सावकाश" अशी हाक येते. अडलेला माणूस पुन्हा उभा राहीपर्यंत गाणं बंद करायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. व्हर्डेल आठ वर्षांची असताना शिकली. एका गुड फ्रायडेला याच ओझेलाबाईंसाठी अख्खं चर्च चौदा मिनिटं थांबलं होतं.

तिने बोट फिरवलं. ओळ पुन्हा. एक अठ्ठेचाळीस. बोट. पुन्हा. दोन मिनिटं दोन सेकंद.

पडद्याआड पुढच्या पाळीसाठी उभ्या असलेल्या डेट्रॉइटच्या क्वायरने टाळ्यांचा ठेका धरला. त्यांची म्होरकी जोनेटा ब्रिस्को तिथूनच ओरडली, "सावकाश, मदर! आम्ही आहोत!"

ओझेलाबाईंनी मान वर केली. छाती भरली. दोन एकोणीस.

त्या श्वासात काय आहे, हे व्हर्डेलला कळलं. बाई आता गाणार. आणि एकदा सुटल्या की मिनिटभर तरी थांबायच्या नाहीत. पहिल्या रांगेत रेव्हरंड बसले होते, शेजारी सूनबाई.

दोन चोवीस. व्हर्डेलने मूठ मिटली.

क्वायर जागच्या जागी बंद झालं. ऑर्गन क्षणभर जास्त वाजला. मग डीकननी तिच्या हाताकडे बघितलं आणि बोटं उचलली. ओझेलाबाईंचं तोंड उघडंच होतं. पडद्याआड डेट्रॉइटच्या दोन टाळ्या तेवढ्या मागून वाजल्या.

"ती शांतता!" परीक्षक म्हणाला. "काय धाडसी मांडणी!"

माउंट टेबर पहिलं आलं.

स्टेजमागच्या बोळात जोनेटा ब्रिस्कोने हात पुढे केला. "अभिनंदन, सिस्टर. वेळ अगदी काटेकोर पाळलीत हो."

परतीच्या बसमध्ये ओझेलाबाई पुढच्या सीटवर बूट काढून बसल्या होत्या. व्हर्डेल शेजारी जाऊन बसली.

"मदर, आपण जिंकलो."

"दिसलं मला."

"दुसरा इलाज नव्हता."

"सहा सेकंद होते तुझ्याकडे," ओझेलाबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

रविवारी चर्च तुडुंब भरलं. करंडक पुढच्या टेबलावर ठेवला होता. रेव्हरंडनी व्हर्डेलचं नाव घेऊन आभार मानले आणि तेच गाणं मागितलं.

दुसरं कडवं आलं. ओझेलाबाई नेमक्या त्याच जागी थांबल्या. या वेळी शब्द हरवले नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढंच. "सावकाश, मदर," मागच्या बाकांवरून आवाज आला. क्वायर ओळ घोळवू लागलं. अटलांटात याच जागी जे केलं, तेच व्हर्डेलच्या हाताने आपणहून केलं. मूठ मिटली.

ऑर्गन थांबला नाही. तिने वर बघितलं. चाळीसपैकी एकाचीही नजर तिच्या हातावर नव्हती. सगळे ओझेलाबाईंकडे बघत होते.

ओझेलाबाईंनी अटलांटातला तो श्वास घेतला आणि कापलेल्या दोन्ही ओळी गायल्या. मग पुढचं सगळं, आणि ते झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. रेव्हरंडनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बाही खाली ओढली.

व्हर्डेल थोडा वेळ हात वर धरून तशीच उभी राहिली. मग तिने तो खाली घेतला आणि पायऱ्या चढून बायकांच्या दुसऱ्या रांगेपाशी गेली. एकोणीस वर्षांपूर्वी ती तिथूनच गायची.

"सरक जरा," ती म्हणाली.

टोकाच्या बाईने नजर न हलवता जागा करून दिली.