खड्ड्यात उतरण्याइतकं वजन

ट्रकचं वजन करणाऱ्या काट्याखाली एक खड्डा असतो. लोकांना वाटतं, ट्रक पत्र्यावर उभा राहिला की आकडा आपोआप येतो. तसा तो येत नाही. कोणीतरी खाली उतरून चारही कोपऱ्यांतले वजन पेलणारे ठोकळे साफ करतो, त्यांचे बोल्ट आवळतो, तेव्हा तो येतो. एकतीस वर्षं तो कोणीतरी मी आहे. खाली जायला पत्र्यात एक चौकोनी भोक असतं, कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातापेक्षा जरासंच रुंद. आत आठ पायऱ्यांची लोखंडी शिडी.

बायको गेल्यावर आठ महिन्यांनी मी त्या भोकात अडकलो. पाय खाली शिडीवर, हात वर, पोट मध्ये. खडीच्या खाणीवरचा काटा होता. दोन ड्रायव्हरांनी काखेत हात घालून मला उपसलं. एक म्हणाला, "मिस्त्रींना जरा ग्रीस लावून बघू का?" सगळे हसले. आमचा मालक हसला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"तीन महिन्यांनी वार्षिक तपासणी आहे," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "तेव्हा खाली उतरून काम केलंत तर जागा तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. माझा नाइलाज आहे, मिस्त्री."

नाइलाज आहे म्हणणाऱ्याने दुसरा माणूस आधीच बघितलेला असतो. पण मला ते काम सोडायचं नव्हतं. घरी दोन खोल्या आहेत आणि त्यांत बोलायला कोणी नाही. कामावर निदान शिव्या तरी कानावर पडतात.

वजन कसं वाढलं ते सांगतो. बायको गेल्यावर घरात स्वयंपाक थांबला. मी पाव, लोणी, बिस्किटं खायचो. पुडा उघडला की संपवायचो, कारण बंद करून ठेवायचा कुठे हे मला माहीत नव्हतं. चौदा किलो वाढलो. एकशे तीन झालो.

मुलीने फोन केला. "बाबा, तुमचं नाव घातलंय वजन कमी करायच्या वर्गात. नाही म्हणू नका."

"काय करतात तिथे?"

"व्यायाम घेतात आणि खाण्याचं बघतात."

"खाण्याचं मी रोज बघतो."

"ते दिसतंय."

वर्ग चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीएवढी, तिला सगळे कोच म्हणायचे. तिने मला कागद दिला. सकाळी दोन अंडी, दुपारी भाजी जास्त आणि पाव कमी, रात्री लवकर आणि हलकं. आठवड्यातून तीन दिवस पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायच्या, बाकीचे दिवस अर्धा तास चालायचं. "काका, निम्मं काम ताटात, निम्मं अंगात. एक सोडलं तर दुसरं फुकट जातं," ती म्हणाली. मला हे भिंतीवर लावायच्या तक्त्यासारखं वाटलं. तक्ता भिंतीवर होताच.

तिथली माणसं बघून तर मला हसूच यायचं. एक बँकवाला होता. यंत्रावर वीस मिनिटं चालायचा, यंत्राने दाखवलेला आकडा सगळ्यांना वाचून दाखवायचा, आणि मग खाली बेकरीत जाऊन क्रीमचा केक खायचा. "कमावलाय," असं वर म्हणायचा. एक चष्मेवाली बाई होती. ती दिवसभर काकडी खायची आणि व्यायामाच्या वेळी खुर्चीत बसायची. "माझं खाण्यावर चालू आहे ना," म्हणायची. एक नुसता पाय हलवत होता, एक नुसतं तोंड बंद ठेवत होती. दोघांपैकी कोण जास्त मूर्ख, हे मी बसल्या बसल्या ठरवत असे.

दर शनिवारी वजन व्हायचं. काटा व्यायामाच्या जाड, मऊ गादीवर ठेवलेला. मला बघवेना. काट्याचे चार पाय गादीत रुतलेले, खालचा पत्रा गादीला टेकलेला. म्हणजे माणसाचं थोडं वजन काटा घेणार आणि थोडं गादी. तिसऱ्या शनिवारी मी काटा उचलला आणि फरशीवर ठेवला. प्रत्येकाचं वजन तीन-साडेतीन किलोने वाढलं.

"तुम्ही काटा बिघडवलात," बँकवाला म्हणाला.

"मी काटे दुरुस्त करतो. तुमचा केक बोलतोय."

चष्मेवाली रडायला लागली. घरच्या काट्यापेक्षा इथे दोन किलो कमी भरले होते, ते महिनाभर काकडी खाऊन उतरले असं तिने घरी सांगितलं होतं. कोच मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुमचं खरं आहे. चूक माझी आहे. पण आधी मला एकटीला सांगायचं होतंत."

मी म्हणालो, "खरं सांगायला मी वेळ बघत नाही." आणि निघून आलो. जिना उतरताना फार बरं वाटलं होतं. ज्या दुकानाचा काटा खोटा, त्या दुकानाचा माल घ्यायचा नाही, ही आमच्या धंद्यातली सवय. काटा खोटा निघाला म्हणजे बाटल्या, चालणं, अंडी, सगळंच खोटं. माझ्याकडे वर्कशॉपमध्ये तपासलेला काटा होता. मला कोचची गरज नव्हती.

मी खाणं बंद केलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी, रात्री एखादं अंडं. चालणं बंद, उचलणं बंद. कामावर जड काही आलं की दुसऱ्याला हाक मारायची. आकडा मात्र उतरत होता. सत्त्याण्णव. त्र्याण्णव. मी रोज दोनदा काट्यावर उभा राहायचो आणि हॉलमधल्या लोकांची कीव करायचो. काकडी मीही खात होतो, हे मला दिसलं नाही.

मुलगी भेटायला आली. "बाबा, चेहरा बघा आरशात. चालता तरी का?"

"आकडा बघ. सत्त्याऐंशी."

"आई चालायची," ती म्हणाली.

हो, चालायची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, वजन उतरवा, हृदयावर ताण येतोय. तिने तळण बंद केलं आणि संध्याकाळी इमारतीभोवती फेऱ्या मारायला लागली. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "चला ना, दोघं जाऊ." मी खुर्चीतून म्हणालो, "गोल गोल फिरून कुठे पोचणार आहेस?" ती हसली. आठवडाभर रोज विचारत होती, मग विचारेनाशी झाली. पुढे तिने फेऱ्याही सोडल्या. मी बरोबर गेलो असतो तर ती वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही त्यांना विचारलं नाही.

ती गेल्यावर पुन्हा काट्यावर उभा राहिलो.

तपासणीचा दिवस आला. खाणीवर तेच ड्रायव्हर होते. मी भोकातून असा खाली गेलो की कडेला शर्टही घासला नाही. वरून कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री आत आहेत ना? की नुसते कपडे गेले?" मला मनातून आनंद झाला. तीन कोपरे साफ केले, आवळले. चौथ्या कोपऱ्याचा बोल्ट फिरेना. गंजला नव्हता. हाच बोल्ट मी दरवर्षी एका हाताने फिरवायचो. पान्याला दोन्ही हातांनी लोंबकळलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. चिखलात बसलो.

"झालं का?" वरून मालक ओरडला.

"झालं," मी म्हणालो.

एकतीस वर्षांत न झालेलं काम झालं म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं. एका बाईला तिच्या दोन किलोंसाठी चारचौघांत रडवणारा माणूस मी.

वर त्यांनी ट्रक चढवून एकेका कोपऱ्यावर उभा केला. थोड्या वेळाने ट्रक बाजूला गेला. मालकाचं तोंड भोकात दिसलं. "मिस्त्री, चौथ्या कोपऱ्यात चाळीस किलो कमी दाखवतोय."

"बोल्ट आवळलेला नाही," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. हातात जोर नाही."

तो भोकावरून बाजूला झाला. मी शिडी चढायला लागलो. तिसऱ्या पायरीवर गुडघे वाकले ते सरळ होईनात. पुन्हा त्या ग्रीस म्हणणाऱ्या ड्रायव्हरनेच काखेत हात घातले. "या वेळी हलके लागलात," तो म्हणाला. चेष्टा नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. मग तोच खाली उतरला आणि मी वरून सांगितलं तसा अर्ध्या मिनिटात बोल्ट आवळून आला.

मालक कपाळ चोळत उभा होता. "आधी उतरता येत नव्हतं, आता चढता येत नाही. मिस्त्री, मध्ये कुठे थांबता येत नाही का तुम्हाला?"

"दोन महिने द्या."

"खाली जायला माणूस मी ठरवलाय. तुम्ही वर बसून आकडे बघा. दोन महिन्यांनी माझ्यासमोर हा बोल्ट फिरवा आणि स्वतःच्या पायांनी वर या, मग त्याला दुसरीकडे पाठवतो." मग म्हणाला, "पण खोटं परत नको."

दुसऱ्या दिवशी मी चपलांच्या दुकानाचा जिना चढलो. मध्ये दोनदा थांबलो. हॉलमध्ये मी शिरताच बँकवाल्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अरे वा. काटा घेऊन आलात की नुसतेच?"

"नुसताच," मी म्हणालो. मग चष्मेवालीला म्हणालो, "त्या दिवशी चुकलं माझं." तिने मान हलवली. माफ केलं की नाही ते कळलं नाही. विचारायचा मला हक्क नव्हता.

"काल काय खाल्लंत?" कोचने विचारलं.

"काकडी."

"आधी खाली जाऊन अंडी-पाव खाऊन या, काका. उपाशी माणसाच्या हातात मी बाटली देत नाही."

मी बेकरीत जाऊन खाल्लं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पोट भरलं आणि त्याची लाज वाटली नाही. परत वर आलो तेव्हा वर्ग सुरू झाला होता. चष्मेवाली खुर्चीत नव्हती. रांगेत उभी राहून दोन बाटल्या उचलत होती. तिच्या बाटल्या अर्ध्याच भरलेल्या होत्या. कोचने माझ्यापुढे दोन पूर्ण भरलेल्या ठेवल्या.

"माझ्याही अर्ध्या कर," मी म्हणालो.